बसलं म्हणजे जमलं नव्हे

आमच्या मिरजोळ्यात बंदुकीच्या दोनच जाती मानतात. एक ठासणीची, दुसरी काडतुसाची. ठासणीची म्हणजे तोंडानं दारू भरायची, गजानं ठासायची आणि मागं टोपी लावून उडवायची. काडतुसाची म्हणजे मधे मोडायची, काडतूस सारायचं आणि मिटायची. तिसरी जात रिव्हॉल्व्हरची. ती शेतकऱ्याच्या घरात सहसा नसते, पण कुणी पोलिसातून, पलटणीतून नाही तर मुंबईच्या पेढीवरून निवृत्त होऊन गावी आला की त्याच्या ट्रंकेतून कधीतरी येते. या तिन्ही जातींना एकच प्रश्न लागू आहे. कुठल्या नळीला कुठली गोळी? ऐकायला प्रश्न सोपा वाटतो. त्यानं राज्यं हलवली आहेत आणि माणसांची बोटंही नेली आहेत.

शहरातल्या वाचकाला वाटेल, शेतकऱ्याला बंदूक हवी कशाला? त्यानं एकदा आमच्याकडे आश्विनात राहून बघावं. आता मिरजोळे रत्नागिरी शहराला चिकटलं आहे, एमआयडीसी आली, विमानतळ जवळ आला. पण डुकरांना ते कुणी सांगितलेलं नाही. रात्री डुकरांचा कळप शेतात उतरला की सकाळी पिकलं भात चटईसारखं झोपलेलं दिसतं. दिवसा वानर आणि माकडं. मोहोर झाडतात, कोवळी कैरी अर्धी खाऊन टाकून देतात, शहाळी पाडतात. सरकारलाही हे ठाऊक आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पिकाच्या राखणीसाठी तोंडानं भरायच्या बंदुकीचा परवाना द्यावा असं लिहिलेलं आहे, आणि ती अपुरी पडते हे अधिकाऱ्याला पटलं तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देता येते. म्हणजे ठासणीची आणि काडतुसाची या आमच्या गावच्या दोन जाती दिल्लीच्या कायद्यातही आहेत. अर्थात परवाना बंदुकीचा, डुकराचा नव्हे. डुक्कर मारायचं तर वन खात्याची वेगळी परवानगी लागते. म्हणून आमचे बहुतेक बार नुसत्या आवाजासाठी असतात.

माझ्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती. तिच्या दारूचं माप म्हणजे बांबूचं एक लहानसं पेर, करगोट्याला बांधलेलं. एका बाराला एक पेर दारू, वर काथ्याचा बोळा, त्यावर छर्रे, परत बोळा. आजोबांच्या भावाकडेही तशीच बंदूक, पण त्याचं पेर वेगळं होतं. दोघं भाऊ एका ताटात जेवतील, विडीतली विडी देतील, पण ते पेर कधी एकमेकांना देत नसत. आजोबा म्हणायचे, "तिची भूक तिला, हिची भूक हिला." मी तेव्हा लहान होतो, मला तो हट्ट वाटायचा. पुढं वाचायला लागलो, चार जाणत्यांना विचारलं, तेव्हा कळलं की बंदुकीचं अर्धं शास्त्र त्या पेरात होतं. नळी किती जाड, किती जुनी, किती दाब सोसेल, हे ज्याचं त्यानं अनुभवानं ठरवलेलं माप होतं. ठासणीच्या बंदुकीत गोळी आणि नळी यांचं लग्न प्रत्येक बाराला माणूस स्वतःच्या हातानं लावायचा.

या लग्नावरूनच १८५७ साली हिंदुस्थान पेटला. काडतुसाला गाईची आणि डुकराची चरबी होती म्हणून शिपाई बिथरले, एवढं शाळेत सगळे शिकतात. मीही दहावीपर्यंत तेवढंच शिकलो. पण मुळात चरबी लागलीच का, हे कुणी सांगत नाही. कंपनीच्या शिपायाकडे आधी ब्राऊन बेस नावाची बंदूक होती. तिची नळी आतून गुळगुळीत, पाऊण इंच रुंद, आणि गोळी त्याहून चांगलीच बारीक. वरून सोडली की घरंगळत खाली जायची. तिला वंगण नको की काही नको. नेमही तसाच, शंभर पावलांपलीकडे देवाच्या हवाली. मग १८५३ च्या नमुन्याची एन्फिल्ड रायफल आली. तिचं तोंड ०.५७७ इंचाचं, आत पिळाचे आटे, आणि गोळी नळीला जवळजवळ भिडणारी. अशी घट्ट गोळी आट्यांतून खाली उतरवायची तर तिच्या कागदाला तेलकट काहीतरी हवंच. काडतूस दातानं फाडायची रीत जुनीच होती. घट्ट गोळी, म्हणून वंगण. दातानं फाडायचं, म्हणून धर्माचा प्रश्न. डमडम, अंबाला आणि सियालकोट इथं नव्या रायफलीचं शिक्षण सुरू झालं आणि कुजबुज पलटणीपलटणीत गेली. २९ मार्चला बराकपूरला मंगल पांडे उभा राहिला, मेरठला ८५ स्वारांनी काडतुसं घ्यायला नकार दिला, आणि १० मे रोजी मेरठ उठलं.

ते लोण आमच्या घाटापर्यंत आलं होतं. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथं मुंबईच्या फौजेच्या २७ व्या पलटणीनं ३१ जुलै १८५७ च्या रात्री उठाव केला. त्या काळी मुंबईच्या फौजेत रत्नागिरी जिल्ह्यातले शिपाई फार. कोकणात शेती तोकडी, म्हणून पोरं पलटणीत जायची. उठावाची कारणं पुष्कळ होती, राज्यं खालसा झालेली, पगार, अपमान. नुसत्या काडतुसावर एवढं घडत नाही. पण ठिणगी पडली ती नळी आणि गोळी यांच्या जमण्या न जमण्यातून, हे मला शेतकरी म्हणून फार खरं वाटतं. वरच्यांनी नवं हत्यार पाठवलं, ते चांगलंही होतं, पण ते ज्याच्या दातांत जाणार त्याला विचारलं नाही.

ज्या साली आपल्याकडे कागदी काडतुसावरून आग लागली, त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ आणि वेसन या जोडीनं धातूच्या काडतुसाचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. त्याआधीची रिव्हॉल्व्हरं, कोल्टची १८३६ पासूनची, म्हणजे एका परीनं सहा तोंडांच्या ठासणीच्या बंदुकाच. चक्रीतल्या प्रत्येक घरात पुढून दारू भरायची, गोळी दाबायची, मागं टोप्या लावायच्या. धातूचं काडतूस आलं आणि दारू, गोळी, टोपी सगळं एका पुंगळीत बंद झालं. मोठीच सोय झाली. पण आजोबांच्या पेराचं काम आता कारखान्याकडे गेलं. माप कारखाना ठरवणार, माणसानं फक्त बरोबर पुंगळी उचलायची. ती चुकीची उचलली तर सांगायला पेर नाही.

आधी आमच्या बाराबोरचं सांगतो. बारा बोर म्हणजे बारा काय? इंच नव्हे, मिलिमीटर नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या तर त्यातली एक गोळी ज्या नळीत नेमकी बसेल ती नळी बारा बोरची. ती येते साधारण साडेअठरा मिलिमीटर. वीस गोळ्या केल्या तर गोळी लहान, म्हणून वीस बोरची नळी बारापेक्षा बारीक. रिव्हॉल्व्हरमध्ये मात्र उलटं. तिथं बत्तीस म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग, अडतीस म्हणजे अडतीस भाग. तिथं आकडा मोठा तर तोंड मोठं. आपण दोन्हीला बोरच म्हणतो आणि घोटाळ्याची सुरुवात तिथंच होते.

वीस बोरचं काडतूस बारा बोरच्या बंदुकीत टाकलं तर ते बाहेर पडत नाही आणि जागेवर राहतही नाही. ते पुढं सरकून नळीच्या चिंचोळ्या भागात अडकतं. मागून पाहिलं तर घर रिकामं दिसतं. घाईत, अंधारात माणूस म्हणतो, भरलंच नाही वाटतं, आणि मागं बाराचं काडतूस सारतो. मग चाप ओढला की पुढच्या काडतुसावर मागचं जाऊन आदळतं आणि नळी फाटते. डावा हात नेमका त्याच जागेखाली असतो. हे जगभर इतक्या वेळा झालं की वीस बोरची काडतुसं पिवळ्या रंगाची करायचा रिवाज पडला. पिवळं दिसलं की थांब. आमच्या भागात एका घरी मधोमध फुगवटा आलेली दुनळी मी हातात घेऊन पाहिली आहे. अजगरानं कोंबडी गिळल्यासारखी दिसत होती. नळी फाटली नव्हती, एवढंच त्या घराचं नशीब.

दुसरी गोष्ट लांबीची. जुन्या विलायती बंदुकांचं घर बहुधा अडीच इंची, म्हणजे ६५ मिलिमीटरचं. पुढं पावणेतीन इंची, ७० मिलिमीटरची काडतुसं सर्रास मिळू लागली. ही लांबी उडालेल्या, उघडलेल्या पुंगळीची असते. न उडालेलं काडतूस तोंड मुडपल्यामुळं आखूड दिसतं, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या घरात बिनबोभाट बसतं. बंदूक मिटते. काही वेगळं वाटत नाही. बार झाला की मात्र मुडपलेलं तोंड उघडायला जागा नसते, छर्ऱ्यांची वाट आवळते आणि दाब वाढतो. त्यात नळी जुनी, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली, पाण्यावरच्या लाटांसारखी नक्षी असलेली, काळ्या दारूच्या जमान्यातली असेल तर ती किती वेळा सोसेल ते सांगता येत नाही. विलायती बंदूक असेल तर नळ्या काढून खालची सपाट बाजू बघावी. बर्मिंगहॅमला १८१३ पासून बंदुका तपासणारं प्रूफ हाऊस आहे. तिथले शिक्के त्या जागी असतात. बोर किती ते असतं. १८९६ पासून बिनधुराच्या दारूला तपासलेल्या नळीवर तसा शिक्का मारू लागले. तो नसेल तर नळी काळ्या दारूचीच समजावी. आपल्याकडं बाराबोरची काडतुसं बनतात ती पुण्याजवळ खडकीच्या कारखान्यात. तो १८६९ पासूनचा. त्याची काडतुसं चांगलीच, पण चांगलं काडतूस नको त्या नळीत वाईटच.

आता रिव्हॉल्व्हर. त्याची खोड बंदुकीपेक्षा वेगळी. पिस्तुलात नको ती गोळी घातली तर बहुतेक वेळा ते अडकतं, भरून घेत नाही. रिव्हॉल्व्हर तक्रार करत नाही. चक्रीला आरपार भोकं असतात. त्या भोकात जाईल एवढी बारीक आणि मागच्या काठावर अडकेल एवढ्या बुडाची कुठलीही पुंगळी त्यात बसून राहते. चक्री फिरते, घोडा पडतो. म्हणून जुन्या रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत "बसतं का बघ" ही परीक्षाच खोटी.

इंग्रजांच्या काळात साहेबाच्या कमरेला असायचं ते वेब्ली. १८८७ साली ०.४५५ इंचाचं वेब्ली ब्रिटिश फौजेत आलं. सुरुवातीची काडतुसं काळ्या दारूची. पुढं कॉर्डाईट आलं. थोडक्या कॉर्डाईटला मोठी पुंगळी नको, म्हणून ती आखूड केली. पहिल्या महायुद्धानंतर फौजेला हलकं हत्यार हवं झालं, आणि १९३० च्या दशकात अडतीसची रिव्हॉल्व्हरं आली, एन्फिल्डची आणि वेब्लीची. आपल्या पोलिसांच्या कमरेला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षं अडतीसच होती.

हे अडतीस नावही फसवं. धातूच्या पहिल्या काडतुसांत गोळी पुंगळीएवढीच जाड असे, म्हणून मापाला नाव जुळत होतं. पुढं गोळी पुंगळीच्या आत बसवू लागले, ती बारीक झाली, छत्तीसच्या आसपास आली, पण नाव अडतीसच राहिलं. शिवाय अडतीस नावाची काडतुसं एकाहून जास्त. विलायती फौजेचं अडतीस आखूड आणि जरा जाड. अमेरिकेचं अडतीस स्पेशल लांब आणि जरा बारीक. दुसऱ्या महायुद्धात स्मिथ अँड वेसननं ब्रिटिशांना आखूड अडतीसची रिव्हॉल्व्हरं पुरवली. युद्धानंतर ती अमेरिकेत स्वस्तात विकली गेली, आणि तिथल्या लोकांनी घरं पुढून कोरून त्यात अडतीस स्पेशल घालायला सुरुवात केली. घर जाड, पुंगळी बारीक. बाराबरोबर पुंगळी फुगायची, कधी फाटायची, आणि गरम वायू मागं येऊन वापरणाऱ्याच्या तोंडावर. मोठ्या वेब्लीचीही तीच गत. चक्री मागून थोडी तासून त्यात अमेरिकन पंचेचाळीस पिस्तुलाच्या गोळ्या बसवल्या. बसल्या. पण त्या गोळीचा दाब वेब्लीला सोसेल त्यापेक्षा कितीतरी जास्त. श्रीमंत देशातली शिकली सवरलेली माणसं ही. तेव्हा हा अडाणी शेतकऱ्याचाच दोष आहे असं कुणी समजू नये.

आपल्याकडं फौजेच्या आणि पोलिसांच्या मापाची शस्त्रं सामान्य नागरिकाला मिळत नाहीत. त्याला प्रतिबंधित बोर म्हणतात. अडतीस त्यातच येतं. म्हणून नागरिकांसाठी कानपूरच्या कारखान्यानं बत्तीस बोरचं रिव्हॉल्व्हर काढलं, घाट वेब्लीचाच. २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं हलकं रिव्हॉल्व्हर आलं तेही बत्तीसचंच. आणि जुन्या घरांतून विलायती बत्तीसही आहेत. पण बत्तीसचं आणखी एक भावंड आहे, आणि त्याची कथा आमच्या जिल्ह्याशी लागून आहे.

खेड तालुक्यातल्या आयनी गावचा अनंत कान्हेरे. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा' नाटकाच्या वेळी त्यानं कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. वय अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात तो फाशी गेला, त्याच्याबरोबर कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. त्याच्या हातात होतं ब्राउनिंग पिस्तूल. लंडनहून सावरकरांनी चतुर्भुज अमीन यांच्याबरोबर वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली, त्यांतलंच ते, असं सरकारनं खटल्यात मांडलं. सावरकरांना अंदमान झालं, आणि पुढं १९२४ पासून १९३७ पर्यंत ते आमच्या रत्नागिरीतच स्थानबद्ध होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांनी त्यांना पतितपावन मंदिरात पाहिलेलं.

त्या काळी बेल्जियमहून ब्राउनिंगची जी पिस्तुलं जगभर गेली त्यांचं काडतूस ७.६५ मिलिमीटरचं. हेच काडतूस अमेरिकेत गेलं तेव्हा तिथल्या लोकांनी त्याला इंचाच्या हिशोबानं बत्तीस म्हटलं. झालं. आता जगात दोन बत्तीस झाले. एक रिव्हॉल्व्हरचं लांब बत्तीस, दुसरं पिस्तुलाचं आखूड बत्तीस. दोघांच्या अंगाची जाडी जवळजवळ सारखीच. आपल्या देशात दोन्ही परवान्यावर मिळतात.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीतले एक वृद्ध गृहस्थ वारले. मुंबईत एका पेढीवर रोकड ने-आण करायचं त्यांचं काम होतं, त्यामुळं त्यांना बत्तीस बोर रिव्हॉल्व्हरचा परवाना होता. निवृत्तीनंतर ते गावी आले, रिव्हॉल्व्हर ट्रंकेत गेलं. दिवसकार्य झाल्यावर मुलानं ट्रंक उघडली. विलायती जुनं रिव्हॉल्व्हर, परवान्याचं पुस्तक आणि तंबाखूच्या डब्यात तेवीस काडतुसं. डब्यात पुठ्ठ्याच्या खोक्याचा एक फाटका तुकडा होता, त्यावर ३२ एवढाच आकडा. माझ्याकडं बंदूक आहे म्हणून त्यानं मला बोलावलं. मी गेलो तर म्हणाला, "काका, सगळी बसतात. मी बघितलं. मागं फणसावर माकडं आलीत, एक बार काढून बघूया म्हणतो." चक्रीत सहा काडतुसं भरलेली होती.

मला त्यातलं सगळं कळत होतं असं नाही. पण सहातली चार दिसायला एक आणि दोन दुसरी, एवढं दिसत होतं. मी त्याला हत्यार खाली ठेवायला लावलं आणि शेजारच्या गावातून पलटणीत आर्मोररचं काम केलेल्या एका हवालदारांना बोलावून आणलं. त्यांनी आधी चक्री रिकामी केली. नंतर खाटेवर वर्तमानपत्र पसरलं आणि तांदळातले खडे निवडावेत तशी काडतुसं निवडली. एका बाजूला लांब पुंगळीची, राखाडी शिशाच्या गोळीची, बुडाला पूर्ण कडा असलेली. दुसऱ्या बाजूला आखूड, तांबूस कवचाची गोळी असलेली, बुडाच्या वर खाच आणि कडा अगदी नावापुरती.

"ही याची," ते म्हणाले, "आणि ही पिस्तुलाची."

"पण हवालदार, दोन्ही बत्तीसच ना?" मुलगा म्हणाला.

"बत्तीसच. पण कुठलं बत्तीस ते विचार."

मग त्यांनी समजावलं. पिस्तुलाच्या काडतुसाची ती नावापुरती कडा चक्रीच्या काठावर कशीबशी अडकते, म्हणून ते बसल्यासारखं वाटतं. त्याची गोळी हलकी, पण आतला दाब रिव्हॉल्व्हरच्या लांब बत्तीसपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून जास्त. नव्या मजबूत रिव्हॉल्व्हरमध्ये कदाचित काही होणार नाही. पण हे हत्यार आपल्या आजोबांच्या वयाचं, मधे मोडणारं, बिजागरी सैल झालेली. त्यात चक्री फुटेल, नाही तर वरची कडी उडून कपाळात बसेल. "पहिल्याच बाराला होईल असंही नाही," ते म्हणाले, "दहाव्याला होईल. नऊ वेळा काही झालं नाही म्हणून दहाव्या वेळी पोराच्या हातात देशील."

मुलगा गप्प झाला. त्याची सहा वर्षांची मुलगी दारात उभी राहून हे सगळं बघत होती.

ती आखूड काडतुसं तिथं आली कशी, हे कळलं नाही. म्हातारबुवा गेले, त्यांच्याबरोबर ते उत्तरही गेलं. दुसऱ्या दिवशी रिव्हॉल्व्हर, परवाना आणि दोन पुड्यांत बांधलेली तेवीसच्या तेवीस काडतुसं पोलीस ठाण्यात जमा झाली आणि पावती मिळाली. कायदाही तेच सांगतो. परवानाधारक गेला की घरातल्यांकडे ते हत्यार राहू शकत नाही. २१ व्या कलमाप्रमाणे ते उगाच वेळ न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं. वारसाला पाहिजे तर त्यानं नंतर स्वतःच्या नावानं परवाना मागावा. पुष्कळांना वाटतं, बापाची जमीन तशी बापाची बंदूक, सातबारावर नाव चढलं की झालं. तसं नाही.

आमच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या पोरांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना लगेच कळतं. अर्ध्या इंचाच्या नटाला तेराचा पाना बसतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, तेव्हा बसणारच. नट सुटतोही. पण रोज तोच पाना लावला तर नटाचे कोपरे जातात. नटाचं ठीक आहे, दुसरा घेता येतो. हाताचं तसं नाही.

आज कोकणात घरं बंद, माणसं मुंबईला. गणपतीला, शिमग्याला कुलूप उघडतं. माळ्यावर, ट्रंकेत, भिंतीतल्या फडताळात आजोबा-पणजोबांचं काय काय निघतं. त्यात हत्यार निघालं तर माझं सांगणं एवढंच. हातात घेतलंत तर आधी ते भरलेलं आहे असंच समजा आणि तोंड माणसांकडे करू नका. काडतूस घालून बघू नका. आमच्या पावसाच्या दमटपणात पन्नास वर्षं राहिलेलं काडतूस बरोबर मापाचं असलं तरी भरवशाचं नाही. दारू सर्दावली की फुसका बार होतो, गोळी नळीतच अडकते, आणि मागून दुसरी सोडली की नळी फुगते. पोलीस ठाण्यात जा, जमा करा, पावती घ्या. शेताच्या राखणीला हत्यार चालू ठेवायचंच असेल तर जाणत्या कारागिराकडून नळीवरचे शिक्के वाचून घ्या, घराची लांबी मोजून घ्या, आणि विक्रेत्याला नुसतं "बाराचं द्या" असं म्हणू नका.

मी माझ्या परवान्याच्या पुस्तकात एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यावर लिहिलं आहे: बारा बोर, घर अडीच इंची, ६५ मिलिमीटरचंच काडतूस, दुसरं नाही. नातू आता पाचवीत आहे. त्याला वाचता येईल एवढं अक्षर मोठं काढलं आहे.